ॲडलेडहून उलुरूपर्यंत गाडीने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेली आपली मंडळी पहिल्या वर्षात एकदा तरी नकाशा उघडतात, मधोमध असलेल्या त्या लाल कातळावर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथे गाडीने जाता येईल का?" येईल. ॲडलेडपासून उलुरूजवळच्या युलारा गावापर्यंत सुमारे 1,600 किलोमीटर अंतर आहे आणि संपूर्ण रस्ता डांबरी आहे. फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही, आपली रोजची गाडी चालते. मी ॲडलेडला राहते आणि हा प्रवास तीनदा केला आहे. पहिल्या खेपेला जे माहीत असायला हवं होतं, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. आपल्याला प्रवास किलोमीटरमध्ये मोजायची सवय असते. या रस्त्यावर मोजायच्या गोष्टी तीन: गाडीतलं पाणी, पुढचा पंप आणि शिल्लक राहिलेला उजेड. या तिन्हींचा हिशेब जमला की बाकीचं सगळं जमतं.

पहिली पायरी: महिना निवडणे

मे ते सप्टेंबर. डिसेंबर-जानेवारीत मुलांना मोठी सुट्टी असते, म्हणून बरेच जण तेव्हाच निघायचा विचार करतात. कृपा करून तेव्हा जाऊ नका. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पायवाटा बंद केल्या जातात आणि गाडी बंद पडली तर सावलीला झाडसुद्धा मिळत नाही. जुलैच्या सुट्टीत दुपारी वीस-बावीस अंश असतात, पण पहाटे पारा शून्याजवळ येतो, कधी त्याच्याही खाली जातो. वाळवंट म्हणून सुती कपडेच भरून नेले तर सूर्योदय बघताना दात वाजतील. लोकरी टोपी, हातमोजे आणि जाड जाकीट हवंच. सप्टेंबरपासून माश्या सुरू होतात. डोळ्यांत, नाकात, कानांत जातात. तोंडावर घ्यायची जाळी काही डॉलरना मिळते, ती ॲडलेडलाच घेऊन ठेवा.

पाऊस फार पडत नाही, पण पडला की रस्ताच अडवतो. जानेवारी 2022 मध्ये अतिवृष्टीने वाटेतल्या ग्लेंडॅम्बो या वस्तीच्या उत्तरेला स्टुअर्ट हायवे, म्हणजे आपला हाच हमरस्ता, पाण्याखाली गेला, रेल्वेमार्गही वाहून गेला आणि कितीतरी दिवस उत्तरेकडचा माल अडकून पडला. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि रोज सकाळी साउथ ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरी या दोन्ही सरकारांच्या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या वेबसाइट बघायच्या. 'रस्ता बंद' अशी पाटी असेल तर पुढे जायचं नाही. दंड होतोच, आणि अडकलात तर सोडवायला येणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो.

दुसरी पायरी: गाडी

स्वतःची गाडी असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग करून घ्या. कूलंट, फॅन बेल्ट, बॅटरी आणि टायर आवर्जून तपासायला सांगा. आणि स्टेपनी. स्टेपनीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती चूक आम्ही केली आहे.

पहिल्या प्रवासात ग्लेंडॅम्बो सोडून तासभर झाला असेल, मागचं डावं चाक फडफडायला लागलं. नवऱ्याने गाडी हळूहळू बाजूला घेतली. डिकीत चार जणांचं सामान, वर पाण्याचे कॅन, त्यावर मुलांच्या उशा. स्टेपनी या सगळ्याच्या तळाशी. सगळं काढून लाल मातीत मांडलं, जॅक लावला, चाक बदललं. गाडी जॅकवरून खाली आली तसं नवं चाकही जमिनीवर पसरलं. स्टेपनीत हवाच नव्हती. गाडी घेतल्यापासून ती कोणी तपासलीच नव्हती. फोनला रेंज नाही. चाळीस मिनिटांनी कॅरावॅन ओढणारं एक वयस्क जोडपं आलं. आम्ही हात करायच्या आधीच त्यांनी वेग कमी केला होता. त्या काकांनी न बोलता हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर काढला, बॅटरीला जोडला आणि दहा मिनिटांत आम्हाला मार्गी लावलं. जाताना काकूंनी फक्त विचारलं, "पाणी आहे ना पुरेसं?"

तेव्हापासून आमच्याकडे स्टेपनीची हवा निघण्याआधी तपासली जाते, जॅक आणि पाना सामानाच्या वर राहतात, आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीतून कधीच बाहेर निघत नाही. घराच्या अंगणात एकदा चाक बदलून बघा. प्रत्येक गाडीचा जॅक लावायची जागा वेगळी असते, ती उन्हात शोधायची वेळ येऊ देऊ नका.

भाड्याची गाडी घेत असाल तर करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दिवसाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, गावाबाहेर रात्री चालवलेलं चालतं का, गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर किती पैसे पडतात, हे चार प्रश्न लेखी विचारून घ्या. सूर्यास्तानंतर प्राण्याला धडक बसली तर विमा मिळणार नाही अशी अट पुष्कळ करारांत असते. भारतीय लायसन किती काळ चालतं हे व्हिसावर आणि राज्यावर अवलंबून आहे, तेही आधी बघा. डावीकडून गाडी चालवायची असल्यामुळे ती एक धास्ती आपल्याला नसते.

तिसरी पायरी: पाणी, अन्न आणि संपर्क

माणशी रोज दहा लिटर पाणी धरा. प्यायला, चहाला, हात धुवायला मिळून तेवढं लागतं, आणि शिवाय दोन दिवसांचं जास्तीचं. एकाच मोठ्या पिंपात भरू नका. दहा-दहा लिटरचे कॅन घ्या, म्हणजे एक गळला तरी बाकीचे राहतात. वाटेतल्या रोडहाऊसवर, म्हणजे पंप आणि खाण्याची सोय एकत्र असलेल्या थांब्यांवर, नळ असतात, पण ते बोअरचं खारट पाणी असू शकतं. तिथे पाणी भरण्याआधी विचारा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला रोडहाऊसमध्ये चिप्स, चीज टोस्ट आणि नशीब असेल तर व्हेज बर्गर मिळतो. मांसाहारी मंडळींचं बरं चालतं. आम्ही भाजणी, पोहे, मेतकूट, तूप, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळ्या घेतो. छोटी गॅस शेगडी असली की थांब्यावर थालीपीठ होतं. मात्र 'टोटल फायर बॅन', म्हणजे आग पेटवण्यावर बंदी, जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर काही पेटवायच्या आधी त्या दिवसाचे नियम बघा. कोरडी हवा आणि वारा असताना एक ठिणगीही पुरते.

मेलबर्न-सिडनीकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: फळमाशीमुळे साउथ ऑस्ट्रेलियात फळं, टोमॅटो, मिरच्या आणायला बंदी आहे. मिल्ड्युराकडून आलात तर यांबाच्या नाक्यावर गाडी उघडून बघतात. हद्दीआधी खाऊन टाका किंवा तिथल्या पेटीत टाका, आणि ताजी भाजी पोर्ट ऑगस्टाला घ्या.

फोनची रेंज गावांभोवती मिळते, मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये नाही. रेंज त्यातल्या त्यात टेल्स्ट्राची दूरवर पोचते. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर प्रवासापुरतं टेल्स्ट्राचं प्रीपेड घ्या. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. त्याशिवाय माझा आग्रह पीएलबी या छोट्या यंत्राचा आहे. हे मुठीत मावणारं यंत्र बटण दाबल्यावर उपग्रहामार्फत तुमची जागा बचाव यंत्रणेला कळवतं. ते सरकारी यादीत फुकट नोंदवायचं असतं. भाड्यानेही मिळतं. ते फक्त जिवावर बेतल्यावर वापरायचं, पंक्चरसाठी नाही.

शेवटची तयारी कागदावरची. रोज कुठून कुठे, मुक्काम कुठे, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, हे सगळं लिहून एका विश्वासू माणसाकडे द्या. तो माणूस ऑस्ट्रेलियातला असावा. पुण्यातल्या आईला हा कागद पाठवला तर ती रात्रभर जागी राहील आणि कळवायचं कुणाला हे तिला ठाऊक नसेल.

चौथी पायरी: टप्पे

पहिला दिवस सोपा ठेवा. ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा सुमारे 310 किलोमीटर. मोठं सुपरमार्केट आणि मोठी गॅरेजेस इथे शेवटची, त्यानंतर थेट ॲलिस स्प्रिंग्सला. याच बंदरावर 1866 मध्ये थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभरहून अधिक उंट आणि त्यांना सांभाळणारे 31 जण उतरवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढची पन्नासेक वर्षं या मुलखात लोकर, टपाल, तारेचे खांब आणि धान्य हे सगळं उंटांच्या पाठीवरून गेलं. त्या माणसांना इथे सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं, त्यांतले बरेच खरं तर सिंध, पंजाब, बलुचिस्तान, पेशावरकडचे होते. 'द घान' या रेल्वेगाडीचं नाव त्यांच्यावरूनच आलं. उत्तरेकडे जाताना दूरवर मोकाट उंट दिसला तर तो त्या उंटांचा वंशज आहे हे मुलांना जरूर सांगा.

दुसरा दिवस पोर्ट ऑगस्टा ते कूबर पीडी, सुमारे 540 किलोमीटर. पिंबा साधारण 170 वर. तिथून सहा-सात किलोमीटरवर वूमेरा हे 1947 पासूनचं रॉकेट चाचणीचं गाव आहे. ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह 1967 मध्ये इथूनच सुटला. गावात रॉकेटं उघड्यावर मांडून ठेवली आहेत, तासभर थांबण्यासारखं आहे. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला मुलूख चाचणीसाठी राखीव आहे, म्हणून कडेला थांबून आत भटकायचं नाही. पुढे लेक हार्ट हे मिठाचं सरोवर लागतं. पांढऱ्याशुभ्र मिठावर चालता येतं, पण गाडी घालू नका. वरच्या कडक थराखाली चिखल असतो.

ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी हा सुमारे 250 किलोमीटरचा पट्टा मात्र मनावर घ्या. पुण्याहून कोल्हापूर ओलांडून कागलपर्यंत जावं आणि वाटेत एक पंप नाही, एक चहाची टपरी नाही, एक घर नाही असा हा पट्टा आहे. माझा नियम साधा आहे: टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपाचा भाव बघायचा नाही, भरायची. रोडहाऊस अधूनमधून बंद असतात, दुरुस्तीला असतात, रात्री लवकर मिटतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. दर शहरापेक्षा पुष्कळ जास्त असतील. इतक्या लांब टँकर आणायला खर्च होतो, वाद घालू नका.

कूबर पीडीला मी दोन रात्री राहा म्हणेन. 1915 मध्ये विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि खाणी सुरू झाल्या. उन्हापासून वाचायला लोकांनी जमिनीखालीच घरं खोदली. बाहेर कितीही तापो वा गारठो, आत वर्षभर 23 ते 25 अंश. जमिनीखालच्या खोलीत झोपायचा अनुभव घ्या. भिंतीवर खोदायच्या यंत्राचे गोल वळसे जसेच्या तसे दिसतात, दगड गुलाबी-पिवळा, आणि दिवा मालवला की असा अंधार होतो की हात डोळ्यांसमोर धरला तरी कळत नाही. आमची धाकटी पहिल्यांदा घाबरली आणि नंतर दहा तास गाढ झोपली. गावाबाहेर खाणींची हजारो उघडी विवरं आहेत. पाट्यांवर लिहिलेलं असतं की पळू नका, मागे मागे चालत फोटो काढू नका. ते शब्दशः पाळा आणि मुलांचा हात सोडू नका.

तिसरा टप्पा कूबर पीडी ते अर्लडुंडा, सुमारे 490 किलोमीटर. गावाच्या थोडं पुढे डिंगो फेन्स रस्ता ओलांडतं. मेंढ्यांना रानकुत्र्यांपासून वाचवायला बांधलेलं हे 5,600 किलोमीटर लांबीचं कुंपण आहे. मार्ला 235 वर, तिथे टाकी भरा. तिथून कुलगेरा 180, मध्ये राज्याची हद्द. हद्द ओलांडल्यावर वेगमर्यादा 110 वरून 130 होते. तेवढ्या वेगाने जायलाच हवं असं नाही. 100 च्या आसपास पेट्रोल कमी जळतं आणि प्राणी आडवा आला तर विचार करायला वेळ मिळतो. अर्लडुंड्याला डावीकडे लॅसेटर हायवेवर वळायचं, तिथून युलारा आणखी सुमारे 245. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो आणि गाडीत सगळे "आलं, आलं!" म्हणून ओरडतात. तो माउंट कॉनर. उलुरू अजून पुढे आहे.

या भागात काही पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी 'ओपल' नावाचं इंधन मिळतं. दुर्गम वस्त्यांमध्ये पेट्रोल हुंगण्याचं व्यसन पसरलं होतं, ते थांबावं म्हणून हे वेगळं बनवलं आहे. साध्या 91 ऑक्टेन पेट्रोलच्या जागी निर्धास्त भरा.

पाचवी पायरी: रस्त्यावरची वागणूक

सूर्य मावळायच्या एक तास आधी मुक्कामाला पोचायचं आणि उगवल्यावर अर्ध्या तासाने निघायचं. कांगारू संधिप्रकाशात बाहेर पडतात, आणि या कुरणांना कुंपण नसल्यामुळे काळी गुरं रात्री डांबरावर बसून असतात. कांगारू समोर आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग सरळ ठेवा. वेगात गाडी वळवून उलटण्यापेक्षा धडक परवडते. हे वाचायला कठोर वाटेल, पण घरात आधीच बोलून ठेवा, कारण त्या क्षणी हात आपोआप वळतात.

मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर दुरूनच वेग अगदी कमी करा. वेज-टेल्ड ईगल हा फार मोठा पक्षी आहे, पोट भरलेलं असलं की त्याला उडायला वेळ लागतो आणि तो आधी जड जड उड्या मारत नेमका काचेच्या उंचीवर येतो. एकदा आम्ही इतके हळू गेलो की त्याची मान वळताना दिसली. सोनेरी-तपकिरी पिसं वाऱ्याने उलटी होत होती आणि त्याला आमची जराही घाई नव्हती.

रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर ओढणारा ट्रक, 53.5 मीटरपर्यंत लांब. तो 100 ने जात असेल आणि तुम्ही 110 ने, तर त्याच्या मागून सुरक्षित पुढे यायला जवळजवळ एक मिनिट आणि दीड-दोन किलोमीटर मोकळा रस्ता लागतो. तेवढा दिसत नसेल तर मागे राहा, पुढच्या थांब्यावर चहा प्या. समोरून येत असेल तर डावीकडे सरका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, कारण शेजारून जाताना वारा गाडीला ढकलतो.

दर दोन तासांनी चालक बदला. समोरून येणारा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार समजायचा आणि आपणही करायचा. कडेला कोणी बॉनेट उघडून उभं असेल तर वेग कमी करून विचारायचं.

आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. या वाळवंटात जे दगावले त्यांतले किती तरी जण मदत शोधायला पायी निघाले होते. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. बॉनेट उघडा, गाडीच्या सावलीत बसा, पाणी प्या, थांबा. तातडीचा नंबर 000 आहे.

सहावी पायरी: उलुरूला पोचल्यावर

राष्ट्रीय उद्यानाचा तीन दिवसांचा पास ऑनलाइन काढा, 18 वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. युलाराचे मुक्काम महाग आहेत आणि जुलैत महिनोन् महिने आधी भरतात. सगळ्या बेतात पहिलं आरक्षण हेच करा.

उलुरू 348 मीटर उंच आहे आणि त्याचा घेर 9.4 किलोमीटर. 26 ऑक्टोबर 1985 ला ही जमीन तिच्या मूळ मालकांना, अनांगू लोकांना, कायदेशीररीत्या परत मिळाली आणि त्याच तारखेला 2019 मध्ये वर चढणं कायमचं बंद झालं. ही त्यांची पवित्र जागा आहे. कोकणातल्या देवराईत आपण वाळकी काडीसुद्धा उचलत नाही, तसंच इथे वागायचं. दगड-माती उचलायची नाही, आणि काही भागांत 'फोटो काढू नये' अशा पाट्या आहेत तिथे फोन खिशात ठेवायचा. हौसेने दगड नेलेले लोक पुढे ते क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतात. मुलांना घेऊन आधी सांस्कृतिक केंद्रात जा, मग पायथ्याशी.

पायथ्याची पूर्ण फेरी 10.6 किलोमीटरची, सपाट. सकाळी लवकर सुरू केली तर साडेतीन-चार तासांत होते. वयस्क मंडळी बरोबर असतील तर मुटिजुलू पाणवठ्याची छोटी वाट पुरेशी आहे. लांबून एकसंध दिसणारा कातळ जवळून घड्यांचा आहे, गुहांचा आहे, त्याच्यावरून पाणी वाहून काळे ओघळ पडले आहेत, आणि हात लावला तर पृष्ठभाग गंजलेल्या लोखंडासारखा खरखरीत लागतो. तो लाल रंगही गंजाचाच आहे. आतला ताजा दगड करडा असतो.

याच उद्यानातल्या काटा जुटा या खडकांच्या समूहाच्या छत्तीस घुमटांसाठी वेगळी सकाळ ठेवा. उलुरूपेक्षा मला तिथली 'व्हॅली ऑफ द विंड्स'ची 7.4 किलोमीटरची वाट जास्त आवडते. दमवणारी आहे, आणि 36 अंशांचा अंदाज असेल तर अकरा वाजता पुढचा भाग बंद करतात.

रात्री दिवे मालवून बाहेर बसा. आपल्याकडे दक्षिणेला कललेला वृश्चिक इथे जुलैत साडेनऊच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो, नांगीसकट.

परतताना

परतीला सगळे सैलावतात. सामान कमी झालेलं असतं, रस्ता ओळखीचा वाटतो, घरी पोचायची घाई असते आणि दोन टप्पे एका दिवसात उरकावेसे वाटतात. नका उरकू. युलाराला कॅन पुन्हा काठोकाठ भरा, चारही टायर आणि स्टेपनी तपासा, आणि आलात त्याच मुक्कामांनी परता. पोर्ट ऑगस्टाला फोनची रेंज आली की ज्यांच्याकडे तुमचा कागद आहे त्यांना सगळ्यात आधी कळवा, नाहीतर ठरल्या वेळेला ते पोलिसांना फोन लावतील.